अडगळीतील भांडवल

वर्षअखेरीस मालाची मोजदाद करताना आपण व्यापारी मंडळी किती चोख असतो, हे कोणी सांगावयास नको. गोदामातील ज्वारी, गहू, हरभरा, सोयाबीन यांची पोती तर आपण मोजतोच. परंतु रिकामे बारदान, सुतळीचे तोडे, झिजलेली वजने आणि जुन्या तराजूची पारडी यांचीही नोंद यादीत होते. फाटक्या पोत्याची किंमत आपण कधी शून्य धरीत नाही. कारण ठिगळ लावले की तेच पोते पुन्हा माल वाहते, हे आपणास पक्के ठाऊक असते. असे असता घराच्या माळ्यावर, परड्यातील छपराखाली आणि दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या सागवानी पलंगाची, शिसवी खुर्चीची अथवा वडिलांच्या मेजाची मोजदाद मात्र आपणांपैकी कितीजण करतात? त्या सर्वांस ‘अडगळ’ असे एकच नाव देऊन आपण मोकळे होतो. दुकानात इतका दक्ष असणारा मनुष्य घरात इतका ढिला का व्हावा, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधूंपुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घर नीटनेटके व शोभिवंत करावयाचे झाल्यास प्रथम आपल्या घरातील जुन्या सामानाची दुरुस्ती करावी. ते पुरे न पडल्यास दुसऱ्याचे चांगले जुने सामान पारखून घ्यावे. आणि नवे खरेदी करण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आज आपल्या समाजात हा क्रम नेमका उलटा झाला आहे, आणि त्यात पैसा, लाकूड व कारागिरी या तिन्हींचे नुकसान आहे. आम्ही पेशाने भुसाराचे घाऊक व्यापारी. मॅट्रिकच्या पुढची शाळा आम्ही पाहिली नाही आणि रंधा हाती धरण्याचे कसबही आम्हास नाही. तथापि माल पारखणे आणि जमाखर्च मांडणे एवढे तरी चाळीस वर्षांच्या धंद्याने शिकविले आहे. त्याच दृष्टीने हा विषय येथे मांडीत आहोत.

घरात लग्नकार्य ठरले, मुलास अगर मुलीस पाहावयास पाहुणे येणार असे कळले, किंवा दिवाळी जवळ आली, की बैठकीच्या खोलीची कळा बदलण्याची घाई सुरू होते. त्या घाईत जुना बाक बाहेर जातो आणि शहरातून झुळझुळीत वेष्टनाचा सोफा व चकचकीत पृष्ठभागाचे कपाट येते. पुष्कळदा ते हप्त्याने येते. आमच्या पाहण्यातील एका घरी असेच एक मोठे कपाट अठरा हप्त्यांच्या बोलीवर आले. पुढे २०२१ च्या जुलैत महापुराचे पाणी त्या घरात शिरले आणि दोन दिवस गुडघाभर राहिले. पाणी ओसरल्यावर कपाटाची खालची फळी भिजलेल्या पावासारखी फुगली होती, दारे बिजागऱ्यांतून निसटली होती, आणि हाताने दाबले तर भुसा निघत होता. कपाट गेले, हप्ते राहिले. त्याच खोलीतील आजीची सागवानी पेटी मात्र चिखल धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा कपड्यांनी भरली गेली. आमच्या मते सामान खरेदीचा सारा धडा या एका घटनेत आहे.

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत दूधगंगा, वेदगंगा, पंचगंगा व कृष्णा या नद्यांनी आपल्या मुलखाची काय अवस्था केली, हे येथील वाचकांस सांगणे नको. दोन्ही वेळा निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक ठप्प झाली. नदीकाठच्या मुलखात राहणाऱ्यांनी तरी सामान घेताना ते पाण्यात टिकेल काय, हे आधी विचारले पाहिजे. स्वस्त कपाटांत वापरला जाणारा पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा व चिपा रासायनिक चिकटद्रव्याने दाबून केलेला तक्ता होय. पाणी लागले की चिपा फुगतात, चिकटद्रव्य सुटते, आणि एकदा फुगलेला तक्ता पुन्हा पूर्ववत होत नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलाचा अंश असतो. त्यामुळे तो पाणी सावकाश शोषतो, कमी फुगतो आणि वाळल्यावर पुष्कळसा मूळ आकारास येतो. म्हणूनच पूर्वी जहाजबांधणीत सागास एवढा मान होता.

पुरात भिजलेले अस्सल लाकडी सामान टाकून देण्याची घाई करू नये. प्रथम स्वच्छ पाण्याने चिखल धुवावा. कारण वाळलेल्या चिखलाचे कण पुढे लाकडास ओरखडे पाडतात. फुगून अडकलेले खण जोराने ओढू नयेत, वाळल्यावर ते आपोआप सैल होतात. कपाटाची मागची फळी काढता येत असेल तर काढावी, म्हणजे वारा खेळतो. सामान विटांवर उचलून ठेवावे आणि सावलीतच वाळवावे. कडक उन्हात ठेवल्यास बाहेरची बाजू आधी आकसते आणि फळ्या तडकतात. यास काही आठवडे लागतात. आपण ओला हरभरा ज्या धीराने पसरून वाळवितो, त्याच धीराने हे करावयाचे आहे.

आता मालाच्या आवकेचा विचार करू. जे धान्य पुढील हंगामात पुन्हा येणार आहे त्याचा साठा कोणी जपून ठेवीत नाही. परंतु ज्याची आवकच बंद झाली त्याचा भाव काय होतो, हे आपण सर्वजण जाणतो. जुन्या वाड्यांतील तुळया, खांब, दारे व पेट्या ज्या सागाच्या आहेत, त्यांपैकी काही दांडेलीच्या बाजूच्या रानांतून आला, तर काही ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे मुंबई बंदरात उतरला. ब्रह्मदेशच्या सागाचा व्यापार करण्यासाठी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली स्थापन झाली होती आणि तिच्याशी निगडित लाकडाच्या तंट्याचे निमित्त होऊन १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशावर तिसरे युद्ध पुकारले, एवढे या लाकडाचे महत्त्व होते. आज त्याच देशाने, म्हणजे म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून सागाचे गोल ओंडके परदेशी पाठविण्यास बंदी केली आहे. शेकडो वर्षे सावकाश वाढलेल्या रानसागाची जागा आता लागवडीच्या, लवकर तोडलेल्या सागाने घेतली आहे. त्यात पक्क्या गाभ्याचे प्रमाण कमी आणि बाहेरच्या फिकट, कच्च्या लाकडाचे अधिक. तात्पर्य, आपल्या माळ्यावरील जुना पलंग हा ज्याची मागणी आता कोठेच नोंदविता येत नाही, असा माल आहे. तो आपण रद्दीच्या भावाने देतो.

देतो तो कोणास? गावोगाव फिरणारा जुन्या लाकडाचा व्यापारी वाडा पाडताना हजर असतो. त्याच्याकडून ती दारे, ते खांब आणि त्या खुर्च्या मोठ्या शहरांकडे जातात. मुंबईत भेंडीबाजारालगतच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर अथवा जोगेश्वरीच्या पश्चिमेस ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आपणांपैकी कोणी गेले असेल, तर तेथे खेड्यातील वाड्याच्या दाराचे जेवणाचे मेज झालेले त्याने पाहिले असेल. भाव ऐकून तो चकितही झाला असेल. त्या व्यापाऱ्यांस आम्ही दोष देत नाही; त्यांनी माल ओळखला, आपण ओळखला नाही, इतकेच. परंतु दाणा विकून कोंडा घरी आणण्यासारखा हा सौदा, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या गावाने तरी करू नये.

दुरुस्त होण्याजोगी वस्तू कोणती, याचे एक उत्तम उदाहरण मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण पाहिले असेल. वाकविलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या त्या खुर्च्या मूळच्या मिखाएल थोनेट या कारागिराच्या कल्पनेच्या. त्याच्या व्हिएन्ना येथील कंपनीने १८५९ साली काढलेली चौदा क्रमांकाची खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची होती आणि ती दहा स्क्रू व दोन नट यांनी जोडली जाई. सुटे भाग केल्यास छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. वाहतुकीचे भाडे ज्याने स्वतः भरले आहे, त्यास या हिशेबाची गोडी वेगळी सांगावी लागणार नाही. या खुर्चीचा पाय मोडला तर पाय बदलावा, बैठक फाटली तर बैठक विणावी. सबंध खुर्ची टाकण्याचे कारणच नाही. जुने सामान निवडताना आपणही हीच कसोटी लावावी : यातील बिघडलेला भाग वेगळा काढता येतो काय? येत असेल तर वस्तू घ्यावी, न येईल तर सोडावी.

दुसऱ्याचे सामान घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर आपण सौदा करीत नाही, पोटातून मूठभर नमुना काढून पाहतो. तसेच खुर्ची उलटी करून, कपाट भिंतीपासून ओढून आणि खण पूर्ण बाहेर काढून पाहावे. वरून पॉलिश सारखेच दिसते. मागे व खाली लाकूड खरे बोलते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास आतून वाळवीने खाल्ले आहे असे समजावे. पायाशी ताजी पांढरट पूड पडलेली दिसली तर किडा आत जिवंत आहे. पलंगाच्या सांध्यांत व वेताच्या विणीत ढेकूण आहेत काय, हे दिवसाउजेडी तपासावे. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. एकदा आणल्यावर एकतर घर पोखरले जाते किंवा ते निवारण्यासाठी जीवहत्या घडते; यांपैकी एकही आपणास परवडणारे नाही. खाच व कुसू यांनी बसविलेला सांधा हलत असला तरी भिण्याचे कारण नाही, तो पुन्हा पक्का करता येतो. मात्र लाकूडच रेषेने चिरले असेल, तर भाव कितीही कमी असो, हात आखडता घ्यावा. आणि देणाऱ्याकडून साधी का होईना, पावती घ्यावी. जुन्या पेट्यांवर क्वचित हस्तिदंताचे जडावकाम असते. त्याचा व्यवहार कायद्याने बंद आहे आणि आपल्या आचारासही तो मान्य नाही.

येथे श्रावकांच्या दृष्टीने एक विशेष गोष्ट सांगणे अवश्य वाटते. आपल्या आचारग्रंथांत गृहस्थाने वर्ज्य करावयाचे जे पंधरा व्यवसाय कर्मादाने म्हणून सांगितले आहेत, त्यांत लाखेचा व्यापार हा एक आहे. कारण उघड आहे. लाख ही झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक कीटकांपासून मिळते, आणि ती खरवडून शिजविताना असंख्य जीव नष्ट होतात. आपण ज्यास मोठ्या कौतुकाने फ्रेंच पॉलिश म्हणतो, ते हीच चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले असते. सुतारांचा जुना सरसही जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होई. व्यापार न करता केवळ वापर करणे कितपत दोषास्पद, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा. परंतु ज्यांस हे टाळावयाचे आहे, त्यांच्यासाठी मार्ग उपलब्ध आहे. सरसाऐवजी कृत्रिम पांढरा गोंद आता सर्वत्र मिळतो; आपल्या देशात फेव्हिकॉल १९५९ पासून आहे. आणि पॉलिशऐवजी आपल्याच बाजारपेठेतील एक माल उपयोगी पडतो, तो म्हणजे जवसाचे तेल.

हे तेल वाळणाऱ्या तेलांपैकी आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते लाकडाच्या रंध्रांत घट्ट होते. खाण्याचे कच्चे तेल वाळावयास फार दिवस घेते. म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारे, वाळण्यासाठी संस्कार केलेले जवसाचे तेल घ्यावे. पहिल्या हातास त्यात तितकेच टर्पेंटाइन मिसळावे, म्हणजे ते खोल मुरते. लाकूड पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेने घासून, धूळ पुसून, तेलाचा पातळ हात द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. आणि एक-दोन दिवसांनी दुसरा, मग तिसरा हात द्यावा. चकाकी आरशासारखी येणार नाही, परंतु लाकडाचा स्वतःचा रंग उजळून निघतो. आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येते, सर्व खरवडावे लागत नाही.

मात्र दोन सावधगिरीच्या सूचना आम्ही अगदी आग्रहाने देतो. पहिली आगीविषयी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती ढिगात कोंडते आणि फडकी काडी न लावताही पेट घेऊ शकतात. ज्यांच्या घरामागे गोदाम आणि गोदामात बारदान, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. दुसरी सूचना जुन्या तेलरंगाविषयी. घराच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा, अधिक असू नये असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते. असे रंगविलेले दार अथवा पाळणा कोरडा घासल्यास ती विषारी धूळ घरभर पसरते, आणि लहान मुलांच्या मेंदूस ती फार अपायकारक आहे. म्हणून असा रंग ओला करून, उघड्यावर, नाकतोंड बांधून काढावा, मुले व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावे; आणि पाळण्यासारखी वस्तू असल्यास काम जाणत्या माणसाकडेच द्यावे.

केवळ सामानानेच घर सजते असेही नाही. जुन्या घरात अंधार असतो म्हणून ते उदास वाटते. त्यावर छताखाली खोटे छत आणि त्यात वीस दिवे हा उपाय नव्हे. मंगळुरी कौलांचे छप्पर असेल तर दोन-चार कौले काढून त्या जागी काचेची कौले बसवावीत. सोप्यात दिवसभर उजेड पडतो आणि विजेचा खर्च वाचतो. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरात कारखाना काढला तेव्हापासून ही कौले ठरीव मापाची निघत आली आहेत, त्यामुळे एक काढून दुसरे बसविणे सोपे जाते. मातीच्या भिंतींस प्लास्टिकचा रंग देऊ नये. भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि पोपडे सुटतात. तेथे चुन्याची सफेदीच योग्य, ती स्वस्तही असते. खिडकीवर चढलेली फळकुटे व खोकी काढावीत. शहाबादी फरशी उखडून तिच्यावर नवी गुळगुळीत फरशी बसविण्याऐवजी सांधे भरून ती घासून घ्यावी. आणि कोनाडे बुजवू नयेत. त्यांतील एकास दोन फळ्या मारल्या की पुस्तकांचे कपाट विनाखर्च तयार होते.

हे सर्व बोलणे झाले. आता हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय व्यापाऱ्याच्या शब्दास वजन नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातील चार शिसवी खुर्च्या आम्ही दुरुस्त करून घेतल्या. वेत नवा विणण्यास प्रत्येकी ८०० प्रमाणे ३,२०० रुपये. सुताराची तीन दिवसांची मजुरी ९०० प्रमाणे २,७०० रुपये. तेल, पॉलिशपेपर, गोंद व स्क्रू मिळून १,१०० रुपये. एकूण ७,००० रुपये. तशाच पक्क्या लाकडाच्या चार नव्या खुर्च्यांचा भाव शहरात २२,००० रुपये सांगितला होता. म्हणजे निव्वळ बचत १५,००० रुपयांची. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. त्या ७,००० पैकी ५,९०० रुपये हे माणसांच्या हातास मिळाले, आणि ती माणसे आपल्याच भागातील आहेत. तो पैसा आठवड्याच्या बाजारात पुन्हा आपल्याच दुकानी येतो. हप्त्याचा पैसा एकदा गेला की परत फिरत नाही.

सुताराच्या मजुरीत घासाघीस करण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. नवीन तयार कपाट घेताना सांगितलेला भाव निमूटपणे देणारा गृहस्थ दुरुस्तीच्या वेळी पन्नास रुपयांसाठी तासभर हुज्जत घालतो, हे शोभत नाही. परिणामी सुताराचा मुलगा पटाशी सोडून दुसरीकडे नोकरीस जातो, आणि मग आपणच म्हणतो की कारागीर मिळत नाही. वेताच्या खुर्च्या विणणे हा अंधांच्या शाळांतून शिकविला जाणारा फार जुना उद्योग आहे. असे काम जेथे घेतले जाते तेथे आवर्जून द्यावे. आपल्या जिल्ह्यातील गोकाकची लाकडी खेळणी व फळे आणि घाटाखालील सावंतवाडीचे लाकडी रंगकाम यांची कीर्ती दूरवर आहे. पण कीर्तीने चूल पेटत नाही, गिऱ्हाइकाने पेटते.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू. पहिला आक्षेप घरातील स्त्रियांचा, आणि तो खरा आहे. जुने सामान जड असते, त्याखालचा केर काढताना कंबर मोडते, नक्षीत धूळ बसते, आणि ती पुसण्याचे काम पुरुषांकडे कधीच नसते. म्हणून आमचे सांगणे असे की, कोणती वस्तू ठेवावी आणि कोठे ठेवावी, हे जिच्या हाती झाडू आहे तिला आधी विचारावे. पलंगाखाली झाडू सहज जाईल एवढी उंची करून घ्यावी, जड मेजास चाके लावावीत, वापरात न येणारी कलाकुसर काढून टाकण्यास संकोच करू नये. आजोबांचा मान राखावयाचा म्हणून सुनेच्या पाठीवर ओझे ठेवणे हा मान नव्हे.

दुसरा आक्षेप ‘लोक काय म्हणतील’ हा. दुसऱ्याची वापरलेली खुर्ची घरात आली तर दिवाळे निघाले असे पाहुण्यांस वाटेल, ही भीती अनेकांस असते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, दुसऱ्या महायुद्धात लाकूड अपुरे पडले तेव्हा इंग्लंडच्या सरकारने १९४२ साली साध्या, टिकाऊ सामानाचे ठराविक नमुने लागू केले. नवे सामान नवविवाहितांस आणि बाँबहल्ल्यात घर गमावलेल्यांसच परवान्याने मिळे, आणि बाकीचे लोक जुने दुरुस्त करून वापरीत. १९५२ पर्यंत ही योजना चालली. त्यामुळे त्या देशाची पत गेली नाही. पत जाते ती देणे थकल्याने. खुर्ची जुनी असल्याने पत गेल्याचे आम्ही पेठेत आजवर ऐकलेले नाही.

तथापि आमच्या लिहिण्याचा कोणी असा अर्थ करू नये की, जे जे जुने ते ते साठवून ठेवावे. तसे करणे हाही परिग्रहच. ज्या सदलग्याच्या मातीत आचार्य विद्यासागर महाराज १९४६ साली जन्मले आणि १९६८ साली अजमेर येथे मुनिदीक्षा घेऊन ज्यांनी सर्व वस्तूंचा त्याग केला, त्या गावास अपरिग्रह आम्ही शिकवावा अशी आमची योग्यता नाही. गृहस्थास सर्वत्याग शक्य नसला तरी परिमाण घालून घेणे शक्य आहे. आमच्या घरी आम्ही असा नियम ठेवला आहे की, माळ्यावरील जी वस्तू एका वर्षाच्या आत दुरुस्त होऊन वापरात येणार नाही, ती ज्यास गरज आहे त्यास द्यावयाची. आणि एक वस्तू घरात आली तर एक बाहेर गेली पाहिजे. नव्याचा हव्यास आणि जुन्याचा लोभ हे एकाच रोगाचे दोन प्रकार आहेत. वस्तू जोवर उपयोगी तोवर ती सामान. पडून राहिली की ओझे.

अखेरीस आपल्या असोसिएशनपुढे तीन लहान सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. पहिली, दरवर्षी दिवाळीपूर्वी एक दिवस सभागृहात जुन्या सामानाची अदलाबदल ठेवावी. ज्याच्याकडे अधिक आहे त्याने आणावे, ज्यास हवे त्याने वाजवी मोबदला देऊन न्यावे, आणि उरलेले गरजू कुटुंबांस द्यावे. दुसरी, परिसरातील सुतार, वेत विणणारे व गाद्या भरणारे कारागीर यांची यादी त्यांच्या संमतीने तयार करून प्रत्येक सभासदाकडे पाठवावी. तिसरी, महापुराचा इशारा मिळताच एकट्यादुकट्या घरातील जड सामान उंचावर हलविण्यासाठी तरुणांचे एक पथक असावे. पाण्यातून वाचविलेली पेटी ही दुरुस्तीपेक्षाही स्वस्त पडते. यांपैकी एकाही सूचनेस मोठा निधी लागत नाही.

येत्या मोजदादीच्या वेळी दुकानाची यादी पुरी झाल्यावर सभासद बंधूंनी कागदाचा एक ताव अधिक घ्यावा आणि कुटुंबातील सर्वांस बरोबर घेऊन माळ्यावर चढावे. काय आहे, कशाचे आहे, काय मोडले आहे आणि कोणाच्या उपयोगाचे आहे, एवढे चार रकाने त्या तावावर आखावेत. मग नव्या खरेदीसाठी शहरात जावे किंवा नाही, हे तो कागदच सांगेल.